साच्यावरचा बुडबुडा

कवळीमास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. पण तुटलेली कवळी रुमालात गुंडाळून कुणी त्यांच्या दारात आलं, की आधी पाऊण तास शिकवणी आणि मग दुरुस्ती, असा त्यांचा खाक्या होता. म्हणून लोकांनीच त्यांना मास्तर करून टाकलं. “झोपताना काढून पाण्यात ठेवता का? नाही ना? मग हिरड्यांना विसावा कधी मिळायचा? आणि ही वाकडी कशी झाली? उकळत्या पाण्यात घातलीत? अहो, कवळी आहे ती, बटाटा नाही उकडायला!” समोरचा बिचारा बोळक्या तोंडानं हो हो म्हणायचा. तोंडात दात नसलेला माणूस वाद घालत नाही हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा ते पुरेपूर फायदा घ्यायचे.

त्यांचं खरं काम मात्र माणसांशी नव्हतंच. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे, म्हणजे लगद्यानं भरलेला ट्रे जबड्यावर दाबून ठसा उठवायचे, आणि तो ठसा डब्यातून मास्तरांकडे यायचा. मास्तर त्यात प्लास्टर ओतत. प्लास्टर वाळलं की ठसा सोलून काढायचा. हातात राहतो तो साचा, माणसाच्या जबड्याची पांढरी नक्कल. त्या साच्यावर मेणात दात बसवायचे, मग मेणाच्या जागी गुलाबी अॅक्रिलिक, मग घासणं, मग पॉलिश. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब बाक, बाकावर घासायची मोटर, भिंतीला फळ्या, आणि फळ्यांवर जबड्यांची रांगच रांग. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलनं तारीख. नवखं माणूस ती खोली बघून दचकायचं. मास्तरांना मात्र त्या जबड्यांतली माणसं चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीची होती. एखाद्या समारंभात ते बायकोच्या कानाशी लागून म्हणत, “तो निळा कोट बघ. हसतोय कसा रुबाबात! खालची माझी आहे, वरची दुसऱ्या कुणाची तरी. म्हणून हसताना वरचा ओठ सोडत नाही.”

या कामात एक बारीक गोष्ट असते. माप घेताना लगद्यात हवेचा बुडबुडा अडकतो. त्या पोकळीत प्लास्टर शिरतं आणि साच्यावर मोहरीएवढा, कधी वाटाण्याएवढा गोळा उठतो. तोंडात तसलं काही नसतं. ती मापाची चूक. कारागीर चाकूचं टोक लावतो, गोळा खरवडतो, बोट फिरवून जागा गुळगुळीत झाली की पुढच्या कामाला लागतो. यात विचार करण्यासारखं काही नसतं. पस्तीस वर्षांत मास्तरांनी असे किती बुडबुडे खरवडले असतील, देवालाच ठाऊक.

या धंद्यात ते आईपायी शिरले. आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं. दातांवर कीटण चढलेलं, तोंडाला वास. पण डॉक्टरकडे दात साफ करून घेतले की ते खिळखिळे होतात, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवून दिलेलं. खिळखिळे ते आधीच झाले होते! बेचाळिसाव्या वर्षी तोंडाचं पार बोळकं झालं. त्यानंतर ती सगळ्यांची जेवणं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून, एकटीच जेवायची. पोरानं ते पाहिलं आणि ठरवलं, आईला कवळी करून द्यायची. शिकायला चार वर्षं लागली. तेवढ्यात आई गेली. “दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात गेले, आणि दात आले तेव्हा आईच गेली,” असं मास्तर पुढं आयुष्यभर सांगत राहिले.

बायको मात्र त्यांना मिळाली ती आईच्या अगदी उलट. तोंडाला कुलूप हा प्रकारच तिला माहीत नव्हता. ती शाळेचे गणवेश शिवायची. ओठांत चार टाचण्या धरलेल्या असतानासुद्धा तिचं बोलणं थांबत नसे. मास्तर पुढच्या खोलीत लोकांना शिकवत आणि मागच्या खोलीत मास्तरांना ती शिकवत असे. तिचेही दात वाईटच होते. लेकीच्या वेळी दिवस राहिले तेव्हापासून ब्रश केला की थुंकी गुलाबी यायची. ती म्हणायची, एवढंसं काय, सगळ्यांचंच येतं. आणि दातांवर जगणाऱ्या या माणसानं कधी तिचं तोंड उघडून बघितलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पन्नाशी ओलांडेपर्यंत एकेक करत सगळे दात गेले.

मग मास्तरांनी तिला कवळी केली. आता माप घेणं हे डॉक्टरांचं काम. तोंडात हात घालायचा अधिकार कारागिराला नाही. नेहमीच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्या दवाखान्याचं निम्मं काम मास्तरांकडे यायचं, त्यांनी ते आनंदानं घेतलं असतं. पण मास्तरांना हे काम कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायकोला बसवलं, गळ्याशी टॉवेल बांधला आणि स्वतःच माप घेतलं. तीन आठवडे ते त्या कवळीवर बसले होते. एक दात मुद्दाम किंचित वाकडा लावला, कारण तिचा तसाच होता. कवळी घालून बायकोनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, “चला, आता भांडताना दात-ओठ खाल्ले तरी दात तुमचेच झिजणार!” आणि ती इतकी हसली की मास्तरांना पुढच्या खोलीत जाऊन डोळे पुसावे लागले. सहा वर्षं ती कवळी तिनं सफरचंदं फोडत मिरवली.

सातव्या वर्षी, एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “अहो, इथं जरा बोचतंय.”

“कुठं?”

तिनं गालावर बोट टेकवलं. खाली, डावीकडं, जिभेच्या अंगाला. मास्तरांनी कवळी हातात घेतली, कड बोटानं चाचपली, मोटर लावली, केसभर कड उतरवली, पॉलिश केलं. “हं, घाल आता.” तिनं घातली. “काय सुंदर हात आहे हो तुमचा,” म्हणाली. यात वावगं काहीच नव्हतं. वय वाढतं तशी हिरडी झिजते, जुनी कवळी हलायला लागते, कुठंतरी घासते, घासल्याजागी फोड येतो. कड उतरवली की आठ दिवसांत फोड बरा होतो. मास्तरांनी हे शेकडो लोकांना सांगितलेलं होतं.

दहा-बारा दिवसांनी ती पुन्हा म्हणाली, जरासं बोचतंय. त्यांनी पुन्हा कड उतरवली. मग पुन्हा. चौथ्या वेळी मास्तर चिडले. तिच्यावर नव्हे, स्वतःवर. इतकी वर्षं या हातातून गेलेली कवळी परत आली नव्हती, आणि घरचीच कवळी बंडाला उठली होती. दुपारच्या जेवणानंतर ते भिंग लावून ती कड बघत बसायचे.

तोंड बघायला डॉक्टर हवा होता, भिंग नको होतं. पण मास्तरांना तोंड बघायची सवयच कुठं होती? त्यांना दिसायची ती कवळी. दुखणं कवळीत आहे एवढं एकदा त्यांनी मनाशी धरलं आणि मग ते कवळीतच शोधत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

डॉक्टरीणबाईंनी एकदा सहज विचारलंसुद्धा. मास्तर तयार कवळ्या पोचवायला गेले होते. “मास्तर, काकू बऱ्या आहेत ना? हल्ली दिसल्या नाहीत.” मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं, की बाई, तिला कवळी बोचतेय, जरा बघता का. पण ते सांगायचं म्हणजे माप कुणी घेतलं तेही सांगायचं. आणि कवळीमास्तरांना स्वतःच्या बायकोची कवळी जमेना, हेही सांगायचं. “मजेत आहे,” म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: तोंडातली जी जखम दोन आठवड्यांत भरत नाही, ती दाखवून घ्या. ती पाटी मास्तर दहा वर्षं बघत होते. ती पेशंटसाठी आहे असं त्यांना वाटायचं.

बायकोचंही तेच. “तुम्ही त्या बाईंना दाखवायचं म्हणता की काय?” तिनंच एकदा विचारलं होतं. “नका हो. कवळीमास्तरांच्या बायकोलाच कवळी बोचते म्हटल्यावर लोक तुमच्या दारात कशाला येतील? गावभर हसं होईल.” मास्तर म्हणाले, “छे, छे, दाखवायचं कशाला? मी आहे ना.” दोघांनाही बरं वाटलं. नवरा-बायकोचं एकमत झालं की घरात किती शांतता असते! ही शांतताच भोवली.

शेवटी मास्तरांनी ठरवलं, जुनी सोडा, नवीच करू. पुन्हा स्वयंपाकघरातलं टेबल, पुन्हा गळ्याशी टॉवेल. लगदा कालवून ट्रे तोंडात घातला आणि दाबला, तशी तिनं टेबलाची कड घट्ट धरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “झालं, झालं, एकच मिनिट, नाकानं श्वास घे,” मास्तर म्हणत राहिले. ट्रे काढला तेव्हा लगद्यावर रक्ताचा पुसट डाग होता. मास्तरांनी तो नळाखाली धुतला. मापं धुवायचीच असतात.

प्लास्टर ओतलं, वाळलं, साचा सुटला. डावीकडे, जिभेच्या अंगाला, एक गोळा होता. वाटाण्याहून थोडा मोठा, कडेला खडबडीत. मास्तरांनी साचा उजेडाकडे धरला, “बुडबुडा आलाय लेकाचा,” असं पुटपुटले, आणि चाकू उचलला. इथं कुणीतरी त्यांचा हात धरायला हवा होता हो. पण खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. तीन-चारदा चाकू फिरला, प्लास्टरची भुकटी बाकावर पडली, मास्तरांनी फुंकर मारली. बोट फिरवून बघितलं. जागा गुळगुळीत झाली होती. त्यांनी साचा पालथा घातला आणि बुडाला तारीख लिहिली.

त्या गुळगुळीत जागेवर नवी कवळी तयार झाली. तिथं उंचवटा नाहीच असं धरून केलेली कवळी त्या उंचवट्यावर टेकणार, हे सांगायला कारागीर लागत नाही. बायकोनं ती तोंडात घातली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, “छान बसलीय.”

“बोचत नाही ना?”

“मुळीच नाही.”

मास्तर जिंकले. त्या दिवशी त्यांनी एका निवृत्त कारकुनाला सव्वा तास शिकवलं. ब्रश मऊ हवा, दिवसातून दोनदा तरी हवा, दात नसले तरी हिरड्यांवरून आणि जिभेवरून फिरवायला हवा, कीड लागलेला दात वेळेत भरून घेतला तर मुळापर्यंत जायची वेळ येत नाही. कारकुनाच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. “माझ्या आता काय उपयोगाचं?” तो म्हणाला. “नातवंडांना सांगा,” मास्तर म्हणाले.

पुढचे चार महिने बायको काही बोलली नाही. आणि ती बोलत नाही हे मास्तरांच्या लक्षात आलं नाही, हीच खरी आश्चर्याची गोष्ट. ती भात पातळ करून खायची. बिस्किट चहात विरघळेपर्यंत बुडवायची. हातात सारखा रुमाल. ओठांत टाचण्या धरणं तिनं सोडलं होतं, बशीत ठेवायची. मास्तरांना वाटलं, वय झालं, शांत झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो ती खात होती. आणि तोंड तिचं तिनंच दाबलेलं.

सुट्टीत लेक आली. दारात आईला मिठी मारली आणि तिचा हात आईच्या जबड्याखाली थांबला. “आई, ही गाठ कसली?” आई म्हणाली, काही नाही गं, सर्दीची. लेकीनं तिला खुर्चीत बसवलं, मोबाईलचा दिवा लावला आणि म्हणाली, “आ कर.” तोंड पुरतं उघडेना. जेवढं उघडलं तेवढ्यात लेकीला जे दिसायचं ते दिसलं. तिनं वडिलांकडे असं पाहिलं, की मास्तरांच्या हातातली कवळी बाकावर पडली. तासाभरात तिघं डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात होते.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ बघितलं. मग काकूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “काकू, एक बारीक तुकडा तपासायला काढावा लागेल. मोठ्या हॉस्पिटलात. उद्याच जा.” लेक आईला घेऊन बाहेर गेल्यावर त्या मास्तरांकडे वळल्या.

“कधीपासून आहे?”

“सात-आठ महिने. बाई, ती तंबाखूला शिवत नाही. आयुष्यात शिवली नाही. मला वाटलं कवळी घासतेय.”

“तंबाखू न खाणाऱ्यांनाही होतं, मास्तर. कमी, पण होतं. तुमच्याकडे साचा असेल ना काकूंचा? नवा? घेऊन या. किती वाढलंय त्याचा अंदाज येईल.”

मास्तर घरी गेले आणि साचा आणला. डॉक्टरीणबाईंनी तो हातात फिरवला, बुडाची तारीख वाचली, मग डावीकडे अंगठा फिरवला. अंगठा थांबला. चाकूनं तासलेली जागा आणि आपोआप वाळलेलं प्लास्टर यांतला फरक त्यांनाही कळत होता. “मास्तर, इथं काही होतं का?”

मास्तरांची दातखिळी बसली. मग म्हणाले, “बुडबुडा होता.”

डॉक्टरीणबाईंनी साचा टेबलावर ठेवला. त्यांनी तोंडाला येईल ते बोलावं, ओरडावं, दवाखान्यातून हाकलून द्यावं असं मास्तरांना वाटत होतं. पण त्या नुसत्या म्हणाल्या, “चार महिने,” आणि हॉस्पिटलची चिठ्ठी लिहायला बसल्या.

मग जे व्हायचं ते सगळं झालं. तुकडा काढला, आठ दिवसांनी उत्तर आलं, ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचा खालचा जबडा काढला, मानेतल्या गाठी काढल्या. मग विजेचे शेक, रोज, सहा आठवडे. तोंड आतून सोलवटून निघालं. लाळ आटली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, लवकर आला असतात तर एवढं कापावं लागलं नसतं. त्यांनी ते नेहमीसारखंच सांगितलं, रोज कुणाला तरी सांगतात तसं. त्यांना काय माहीत समोर कोण बसलंय.

घरी आणल्यावर तिच्या तोंडाची काळजी मास्तरांनी दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही. लेकीलासुद्धा नाही. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून ते गुळण्यांचं पाणी करायचे. गुळणी धरवत नसे तेव्हा मऊ कापड त्या पाण्यात भिजवून बोटाला गुंडाळायचे आणि तिच्या तोंडातून हळूहळू फिरवायचे. टाळा, जीभ, उजवी हिरडी, आणि जिथं डावी हिरडी होती ती जागा. दर दोन तासांनी. पस्तीस वर्षं जबडे हाताळलेल्या माणसाला तोंड आतून उबदार असतं, हे साठाव्या वर्षी नव्यानं कळलं.

तिचं बोलणं आता फक्त त्यांनाच कळायचं. अर्धी जीभ जागची हलत नव्हती. एका दुपारी कापड फिरवता फिरवता त्यांना राहवलं नाही.

“ती गाठ साच्यावर आली होती गं,” ते म्हणाले. “नवं माप घेतलं ना, तेव्हा. मला दिसली. मी खरवडून टाकली. या हातानं.”

मग तिनं त्यांचं बोट तोंडातून बाजूला केलं आणि एकेक शब्द जुळवत बोलायला लागली. मास्तर कान तिच्या ओठांशी नेऊन ऐकत होते. तुम्ही पुढच्या खोलीत गेलात, ती म्हणाली, की मी कवळी काढून ठेवायची. जेवायच्या वेळी तुमची चप्पल वाजली की घालायची. नवी तर दिवसातून तासभरसुद्धा घातली नाही. तरी दुखायचं.

मास्तरांना हे समजायला थोडा वेळ लागला. कवळी काढून ठेवल्यावरही जी जखम भरत नाही ती कवळीची नव्हे, हे तर ते झोपेतसुद्धा सांगू शकले असते! हे एक वाक्य, एकच, तिनं त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं असतं.

“मग बोलली का नाहीस?” ते ओरडले. आजारी माणसावर ओरडले. “अगं, जगाशी बडबड केलीस जन्मभर, आणि हेच तेवढं गिळलंस?”

तिनं रुमालानं ओठ टिपले. मग म्हणाली, “तुम्ही एवढं मन लावून घासत होतात.”

मास्तर उठून मागच्या अंगणातल्या नळापाशी जाऊन उभे राहिले. नळ सोडला आणि तोंड धूत राहिले, लेक येऊन नळ बंद करेपर्यंत. राग तिच्यावर काढायचा, तर ती अशी. स्वतःवर काढायचा, तर तो काढून संपत नव्हता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. लेक म्हणाली, “बाबा, आत या. आई घाबरलीय.” ते आत गेले, पुन्हा कापड भिजवलं आणि राहिलेली बाजू पुसून घेतली. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला होता तो काढला नाही.

मधले काही महिने बरे गेले. मास्तरांनी काम पुन्हा सुरू केलं, पण शिकवणी बंद झाली. लोक कवळी ठेवून जायचे आणि एवढ्या लवकर सुटका झाली म्हणून गोंधळून जायचे. साच्यावर गोळा दिसला की मास्तर चाकू खाली ठेवून डॉक्टरीणबाईंना फोन करायचे. “बाई, वरचा जबडा, उजवीकडं, मोहरीएवढा. बघून सांगा.” डॉक्टरीणबाई पेशंटला परत बोलावून बघायच्या आणि सांगायच्या, “काही नाही मास्तर. बुडबुडाच आहे.” दरवेळी बुडबुडाच निघायचा. एकदाही दुसरं काही निघालं नाही. तरी ते फोन करत राहिले आणि त्या बघत राहिल्या.

मग उजव्या बाजूला मानेत पुन्हा गाठ आली. मोठ्या डॉक्टरांनी या वेळी ऑपरेशनची तारीख दिली नाही. म्हणाले, घरीच असू द्या. ती अडीच महिने घरीच होती. शेवटचे काही दिवस तिला पाणीसुद्धा चमच्यानं द्यावं लागायचं. मास्तर ओल्या कापडानं तिचे ओठ पुसायचे आणि ती डोळ्यांनी पुरे म्हणायची. गेली ती एका दुपारी, जेवणवेळ उलटून गेल्यावर, मास्तर भांडं विसळायला आत गेले होते तेवढ्यात.

चार वाजेपर्यंत शेजारपाजारचे जमले. लेकीनं आईला चांगलं पातळ नेसवलं, केस विंचरले. पण चेहरा तिच्यानं बघवेना. डावा गाल पार आत गेला होता, ओठ एका बाजूला ओढले गेले होते. ती पुढच्या खोलीत आली. मास्तर बाकाशी बसून होते.

“बाबा, आईची कवळी कुठंय?”

मास्तरांनी वर पाहिलं.

“लोक यायला लागलेत,” लेक म्हणाली. “तिला असं कुणी पाहिलेलं आवडलं नसतं. घालू या ना. निदान वरची तरी. खालची कापून बसवता येईल का तुम्हाला? तेवढ्यापुरती?”

बसवता आली असती. डावी बाजू कापायची, कड गोल करायची. पंधरा मिनिटांचं काम. मास्तरांनी खणातून डबी काढली, कवळी तळहातावर घेतली. मोटरच्या बटणावर बोट ठेवलं. बाहेर कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, आत्ता दोन वाजताच गेली, शांतपणे गेली. लेक वाट बघत उभी होती.

मास्तरांनी बोट काढून घेतलं. कवळी परत डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

“नको गं,” ते म्हणाले. “बोचते तिला.”